आज संघात कोण आहे? बोस्टन रेड सॉक्सच्या संघयादीच्या बातम्या वाचण्याची रीत

बेसबॉलची गोडी लागलेल्या मराठी माणसाला सामना समजायला फार दिवस लागत नाहीत. त्याची खरी पंचाईत होते ती सामन्याच्या आधी. सकाळी फोन उघडावा, तर कालपर्यंत खेळणारा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, वूस्टरला पाठवलेला असतो, दुसरा तिथून आणलेला असतो, तिसरा पंधरा दिवसांच्या यादीत गेलेला असतो आणि चौथ्याच्या नावापुढे अर्थ न लागणारी तीन अक्षरे असतात. क्रिकेटमध्ये मालिकेसाठी संघ एकदा जाहीर झाला की पुढे अकरा कोण एवढाच प्रश्न उरतो. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला, संघ मात्र मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो आणि एवढ्या काळात त्याची यादी सतत हलत असते. ही हालचाल वरवर गोंधळाची दिसली, तरी तिच्यामागे बऱ्यापैकी कडक नियम आहेत. ते नियम बोस्टन रेड सॉक्सच्या उदाहरणांतून समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांचा संघ वेगळा असेल त्यांना गावांची आणि खेळाडूंची नावे तेवढी बदलून घ्यावी लागतील, कारण नियम तीसही संघांना सारखेच आहेत.

पहिली पायरी: दोन याद्यांचा हिशोब

प्रत्येक संघ एकाच वेळी दोन याद्या सांभाळत असतो. पहिली यादी सव्वीस जणांची असते आणि आजच्या सामन्यात उतरू शकणारे खेळाडू तेवढेच. २०२० पूर्वी ही संख्या पंचवीस होती. या सव्वीसांत पिचर तेराहून अधिक ठेवता येत नाहीत. १ सप्टेंबरपासून यादी अठ्ठावीसची होते आणि पिचरांची मर्यादा चौदावर जाते. दुसरी यादी चाळीस जणांची असते. तीत हे सव्वीस, सध्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या संघाच्या हाताखालच्या संघांत, खेळत असलेले पण संघाने राखून ठेवलेले काही खेळाडू आणि थोड्या मुदतीच्या दुखापतीच्या यादीतले खेळाडू मोजले जातात. संघाच्या पदरी याखेरीज मायनर लीगचे पुष्कळ खेळाडू असतात, पण त्यांच्यापैकी कोणाला बोस्टनच्या मैदानावर आणायचे तर आधी चाळीसमध्ये जागा करून द्यावी लागते.

हा फरक नीट मनात बसवून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सव्वीसमध्ये जागा करणे बहुतेक वेळा सोपे असते. कोणाला तरी काही दिवस खाली पाठवले की काम भागते. चाळीसमध्ये जागा करताना मात्र एखादा खेळाडू कायमचा हातातून जाऊ शकतो. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ही हालचाल सव्वीसच्या यादीतली आहे की चाळीसच्या.

खाली पाठवणे म्हणजे रेड सॉक्सच्या बाबतीत प्रामुख्याने वूस्टरला पाठवणे. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावाच्या इंग्रजी अक्षरांचा आणि उच्चाराचा फारसा संबंध नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा हमखास फसतो. मायनर लीगच्या सर्वांत वरच्या, म्हणजे ट्रिपल-ए पातळीवरचा रेड सॉक्सचा संघ २०२१ पासून वूस्टरला आहे. त्यापूर्वी तो ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला होता. वूस्टर ते फेनवे पार्क, म्हणजे रेड सॉक्सचे बोस्टनमधले मैदान, हे अंतर साधारण पासष्ट किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने पुणे-लोणावळ्याइतके आहे. दुपारी निरोप मिळालेला खेळाडू संध्याकाळच्या सामन्याला फेनवेवर हजर होऊ शकतो तो यामुळेच. त्याखालचा डबल-ए संघ मेन राज्यातल्या पोर्टलंडला असतो.

दुसरी पायरी: नावाआधी क्रियापद वाचावे

चाहत्याची नजर स्वाभाविकपणे खेळाडूच्या नावाकडे जाते. संघयादीच्या बातमीत मात्र क्रियापद अधिक बोलके असते, आणि या विषयात पाच-सहा क्रियापदे नीट कळली तर निम्म्याहून अधिक काम झाले असे माझे मत आहे.

वर येण्याची दोन क्रियापदे आहेत. ‘रिकॉल’ केले असे म्हटले असेल, तर तो खेळाडू आधीच चाळीसच्या यादीत होता आणि फक्त परत बोलावला गेला. ‘करार सिलेक्ट केला’ असे असेल, तर तो चाळीसच्या बाहेरून आला, म्हणजे त्याच्यासाठी तिथे जागा करावी लागली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बातमीची पुढची ओळ शोधावी. बाहेर कोण गेले ते तिथे लिहिलेले असते. तशी ओळ नसेल तर चाळीसमध्ये आधीच एखादी जागा रिकामी होती असे समजावे.

खाली जाण्याचे नेहमीचे क्रियापद म्हणजे ‘ऑप्शन’. चाळीसच्या यादीतल्या खेळाडूला मुक्तपणे खाली-वर करण्यासाठी संघाला साधारणपणे तीन हंगाम मिळतात आणि त्यांना ऑप्शन वर्षे म्हणतात. एका हंगामात तो वीस किंवा अधिक दिवस खाली राहिला तर एक वर्ष खर्ची पडते. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सध्याच्या करारानुसार एका हंगामात त्याला पाचहून अधिक वेळा असे पाठवता येत नाही. खाली गेलेल्या फलंदाजाला किमान दहा दिवस आणि पिचरला किमान पंधरा दिवस परत आणता येत नाही, मात्र वरचा कोणी दुखापतग्रस्त झाला आणि त्याच्या जागी आणायचा असेल तर ही अट लागू नसते. एवढे माहीत असले की ‘चांगली गोलंदाजी करूनही याला का पाठवले’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर आपोआप मिळते. आदल्या रात्री तीन इनिंग्ज टाकून दमलेला आणि ऑप्शन शिल्लक असलेला पिचर खाली जातो, ताज्या दमाचा वर येतो; ज्याचे ऑप्शन संपलेले आहेत तो वाईट खेळत असूनही जागेवर राहतो. त्याला पाठवायचे तर तो दुसऱ्या संघाच्या हाती लागण्याचा धोका पत्करावा लागतो.

हा धोका ज्या क्रियापदात दडलेला आहे ते म्हणजे डीएफए, अर्थात ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’. पहिल्यांदा हे शब्द वाचले तेव्हा, कार्यालयीन भाषेची सवय असल्यामुळे, त्या खेळाडूवर काही खास कामगिरी सोपवली असावी असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात हा निरोपाचा पहिला टप्पा असतो. डीएफए झालेला खेळाडू चाळीसमधून तत्काळ बाहेर पडतो आणि सात दिवसांत संघाला त्याचा निर्णय लावावा लागतो: त्याची देवाणघेवाण करायची, त्याला वेव्हर्सवर ठेवायचे किंवा मुक्त करायचे. वेव्हर्स म्हणजे इतर संघांना दिलेली उचलण्याची संधी, आणि एकाहून अधिक संघांनी मागणी केली तर अधिक कमजोर कामगिरीच्या संघाला अग्रक्रम मिळतो. कोणीच उचलले नाही तर त्याला चाळीसच्या बाहेर ठेवून मायनर लीगमध्ये पाठवता येते. त्याला ‘आउटराइट’ म्हणतात. ज्याची मोठ्या लीगमधली सेवा तीन वर्षांहून अधिक आहे किंवा ज्याला पूर्वी एकदा असे पाठवलेले आहे, तो हे नाकारून मोकळा होऊ शकतो. म्हणजे डीएफएची बातमी अर्धीच असते आणि तिचा दुसरा अर्धा भाग पुढच्या आठवड्यात, बहुधा एका ओळीत, येतो. तो वाचायचा राहून गेला की महिनाभराने तोच खेळाडू दुसऱ्या गणवेशात दिसतो आणि आपण चकित होतो.

दुखापतीची यादी, म्हणजे आयएल, फलंदाजांसाठी दहा दिवसांची आणि पिचरांसाठी पंधरा दिवसांची असते. डोक्याला मार लागून कन्कशन झाल्यास सात दिवसांची वेगळी यादी आहे. हे आकडे किमान मुदतीचे आहेत, बरे होण्याच्या अंदाजाचे नव्हेत. नव्या वाचकाची इथे फार फसगत होते. प्रवेशाची तारीख तीन दिवसांपर्यंत मागे नेता येते, म्हणून आज यादीत गेलेला खेळाडू कधी कधी आठवड्याभरात परतलेला दिसतो. साठ दिवसांच्या यादीचे महत्त्व निराळे आहे. तीत गेलेला खेळाडू चाळीसमध्ये मोजला जात नाही, आणि चाळीसची यादी भरलेली असल्याशिवाय कोणाला तीत टाकता येत नाही. त्यामुळे एखाद्याला साठ दिवसांच्या यादीत हलवले म्हणजे त्याची प्रकृती आजच अचानक बिघडली असे नसते. संघाला आज एक जागा हवी होती, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. उलट प्रवासासाठी ‘रीहॅब असाइनमेंट’ हा शब्द लक्षात ठेवावा. बरा होत आलेला खेळाडू सरावासाठी मायनर लीगमध्ये खेळतो, फलंदाज जास्तीत जास्त वीस दिवस आणि पिचर तीस दिवस. ही बातमी आली की दिवस मोजायला लागावे, कारण मुदत संपताना कोणाची तरी जागा जाणार हे ठरलेले असते.

अपत्यजन्मासाठी तीन दिवसांपर्यंतची आणि कुटुंबातल्या दुःखद प्रसंगासाठी तीन ते सात दिवसांची यादीही असते. त्या काळात आलेला बदली खेळाडू सहसा पाहुणाच असतो.

तिसरी पायरी: सुटी बातमी न वाचता साखळी वाचावी

२०२५ चा रेड सॉक्सचा हंगाम यासाठी धडा म्हणून उघडून बसावा इतका चांगला आहे. फेब्रुवारीत संघाने तिसऱ्या बेसवर खेळणारा अ‍ॅलेक्स ब्रेगमन करारबद्ध केला. ती जागा राफाएल डेव्हर्सची होती. तो नाराजीनेच क्षेत्ररक्षण सोडून फक्त फलंदाजी करणारा, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, झाला. २ मे रोजी पहिल्या बेसवरचा ट्रिस्टन कॅसस पळताना पडला, त्याच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि तो त्या हंगामात परतला नाही. संघाने डेव्हर्सला पहिल्या बेसबद्दल विचारले, त्याने जाहीरपणे नकार दिला. मेच्या अखेरीस ब्रेगमनच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि मार्सेलो मायर वूस्टरहून वर आला. ९ जूनला विल्यर अब्रेयू दुखापतीच्या यादीत गेला आणि बहुचर्चित रोमन अँथनीला संधी मिळाली. १५ जूनला डेव्हर्सने न्यूयॉर्कच्या यांकीज या जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध होमरन मारला, आणि त्याच दिवशी सामन्यानंतर त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडल्याची बातमी आली. २०३३ पर्यंत चालणाऱ्या त्याच्या कराराची अडीचशे दशलक्ष डॉलरहून अधिक उरलेली रक्कमही जायंट्सने उचलली.

ज्यांनी फक्त शेवटची बातमी वाचली त्यांना तो वज्राघात वाटला. ज्यांनी फेब्रुवारीपासूनच्या ओळी एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या, त्यांनाही धक्का बसलाच, पण त्यांना तो कुठून आला ते दिसत होते. पहिल्या बेसची जागा मेपासून नीट भरलेली नव्हती आणि बातम्यांतून ते पुन्हा पुन्हा डोकावत होते. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या संघाने नॅथॅनियल लो या पहिल्या बेसवाल्याला डीएफए केले आणि पुढे मुक्त केले, तेव्हा तो बोस्टनला येईल असा तर्क सहज करता येत होता, तो आलाही. मुक्त झालेल्या खेळाडूला नवा संघ किमान वेतनाचा उरलेल्या दिवसांपुरता भाग देतो, बाकीची रक्कम जुना संघ भरतो, त्यामुळे असा सौदा संघाला फार स्वस्त पडतो. शिवाय ३१ ऑगस्टपर्यंत संघाच्या पदरी असलेला खेळाडूच साधारणपणे प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, पात्र ठरतो, ही तारीखही डोक्यात असायला हवी.

आपल्याला करायचे आहे ते एवढेच, की ज्या ज्या जागेवर संघ लंगडा आहे ती जागा ओळखून ठेवायची आणि इतर संघांच्या डीएफएच्या बातम्या त्या नजरेने चाळायच्या.

चौथी पायरी: बातमीची पत ठरवावी

सर्वांत पक्की नोंद म्हणजे मेजर लीगच्या अधिकृत संकेतस्थळावरची प्रत्येक संघाची ट्रान्झॅक्शनची, म्हणजे खेळाडूंच्या हालचालींची, पाने. तिथे तारखेनिशी कोरडी एक ओळ असते, कारण नसते. कारण हवे असेल तर संघाबरोबर रोज फिरणारे स्थानिक बातमीदार वाचावेत. ‘बोस्टन ग्लोब’, ‘बोस्टन हेरल्ड’ आणि ‘मासलाइव्ह’ यांचे बातमीदार सामन्याआधी मॅनेजरच्या पत्रकार बैठकीला हजर असतात. मोठ्या सौद्यांची पहिली कुणकुण बहुधा ईएसपीएनचे जेफ पॅसन किंवा ‘द अ‍ॅथलेटिक’चे केन रोझेंथल यांच्यासारख्या राष्ट्रीय पातळीवरच्या बातमीदारांकडून लागते. ‘एमएलबी ट्रेड रूमर्स’ नाव अफवांचे घेऊन बसले असले तरी प्रत्येक हालचालीचा नियमांच्या अंगाने खुलासा करते, आणि ‘फॅनग्राफ्स’चे रोस्टर रिसोर्स हे पान कोणाचे किती ऑप्शन उरले ते एका तक्त्यात दाखवते. मायनर लीगच्या तरुणांसाठी ‘सॉक्सप्रॉस्पेक्ट्स’ पाहावे.

शब्दांची वजने मात्र स्वतःच तोलावी लागतात. ‘रस आहे’ याला जवळजवळ किंमत नाही, कारण एजंटालाही मागणी आहे असे दाखवायचे असते. ‘बोलणी पुढे गेली आहेत’ याला थोडी आहे. ‘सहमती झाली, वैद्यकीय तपासणी बाकी’ हे पक्के वाटते, पण पूर्ण पक्के नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये रेड सॉक्सचा लाडका खेळाडू मूकी बेट्स याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवण्याचा तीन संघांतला सौदा ठरल्याची बातमी आली आणि शहर शोकात बुडाले; मग मिनेसोटाहून येणाऱ्या ब्रुस्डार ग्रॅटेरोलच्या वैद्यकीय कागदपत्रांवर रेड सॉक्सने शंका घेतली आणि काही दिवसांनी सौदा वेगळ्या स्वरूपात पार पडला. बेट्स गेलाच, पण बदल्यात आलेली नावे बदलली: अ‍ॅलेक्स व्हर्ड्युगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. पहिल्या दिवशी ज्यांनी ग्रॅटेरोलच्या गोलंदाजीच्या चित्रफिती पाहून रात्र जागवली, त्यांची मेहनत वाया गेली. डाउन्सची पुढची नोंदही उद्बोधक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यालाच डीएफए करण्यात आले आणि वॉशिंग्टनने वेव्हर्सवरून उचलले.

डिसेंबर २०२३ मध्ये तर नव्या कराराच्या शोधात असलेला जपानी तारा शोहेई ओहतानी तिथल्या संघात जाण्यासाठी विमानाने टोरोंटोला निघाल्याची वार्ता पसरली आणि हजारो लोक एका खासगी विमानाचा मार्ग फोनवर पाहत बसले. विमानातून उतरले ते कॅनडातले एक उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानीने डॉजर्सशी दहा वर्षांचा, ७०० दशलक्ष डॉलरचा करार जाहीर केला. तेव्हा एकाच बातमीदाराचा हवाला असेल तर दुसऱ्याची वाट पाहावी. तासाभराने काही बिघडत नाही.

दुखापतींच्या भाषेतही अशी वजने असतात. ‘सोअरनेस’वर, म्हणजे नुसत्या दुखरेपणावर, घाबरू नये, पिचरच्या कोपराच्या बाबतीत ‘दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणार’ असे वाचले तर मात्र मन तयार ठेवावे. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर परतायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

पाचवी पायरी: वर्षाचे आणि दिवसाचे वेळापत्रक

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर हंगामपूर्व सरावासाठी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जमतात. मार्चअखेरचा आठवडा ऑप्शन संपलेल्या खेळाडूंसाठी कसोटीचा, म्हणून वाचनीय असतो. जुलैअखेरच्या सुमाराची ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांतल्या देवाणघेवाणीची शेवटची तारीख, सर्वांना माहीत असते. त्या दिवसांत सामना चालू असताना एखाद्याला अचानक बाहेर काढून डगआउटमध्ये मिठ्या मारल्या जाताना दिसल्या तर तो गेला असे समजतात, आणि या मिठ्यांवर डोळा ठेवण्याला चाहत्यांनी ‘हग वॉच’ असे नावही दिले आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर मात्र उगाच दुर्लक्षित राहतो. साठ दिवसांच्या यादीची सोय हिवाळ्यात नसते, त्यामुळे वर्ल्ड सिरीजनंतर, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेनंतर, सगळे जखमी खेळाडू चाळीसमध्ये परततात आणि गर्दी होते. त्याच वेळी काही वर्षे मायनर लीगमध्ये काढलेल्या तरुणांना चाळीसमध्ये घ्यावे लागते, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्यांना एक लाख डॉलर भरून नेऊ शकतो. नेणाऱ्याने त्याला पुढचा पूर्ण हंगाम मोठ्या संघात ठेवावे अशी अट असते. डिसेंबर २०२० मध्ये रेड सॉक्सने गॅरेट व्हिटलॉकला असेच नेले, आणि तेही यांकीजकडून! बोस्टनच्या चाहत्याला या व्यवहाराची गोडी अजून कमी वाटत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी वेळेचे गणित असे आहे, की उन्हाळ्यात बोस्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. संध्याकाळच्या सामन्याआधीच्या हालचाली तिथे दुपारी तीन-चारच्या सुमारास जाहीर होतात, म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. ७ वाजून १० मिनिटांचा सामना आपल्याकडे पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी सुरू होतो. २०२५ ची डेडलाइन ३१ जुलैच्या संध्याकाळी सहाची, म्हणजे आपली १ ऑगस्टची पहाटे साडेतीनची होती. झोपमोड करण्याची गरज नाही. उठल्यावर अधिकृत नोंदीचे पान आधी आणि समाजमाध्यमे नंतर उघडली, तर अफवांचा बराचसा फाफटपसारा आधीच गळून गेलेला असतो.

सहावी पायरी: स्वतःची वही

वरच्या सगळ्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, म्हणून एक तक्ता करावा. चाळीस ओळी पुरेत. नाव, जागा, उरलेले ऑप्शन, सेवाकाळ, कराराचे शेवटचे वर्ष आणि सध्या कोणत्या यादीत, एवढे रकाने ठेवावेत. सेवाकाळाचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरतात. साधारण तीन वर्षांनी खेळाडूला लवादामार्फत वेतनवाढ मागता येते आणि सहा वर्षांनी तो फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होतो. हा रकाना भरला की तरुण खेळाडूंशी संघ लांबचे करार इतक्या लवकर का करतो ते कळते. रोमन अँथनीला वर आणून दोन महिने होतात न होतात तोच ऑगस्ट २०२५ मध्ये आठ वर्षांचा, १३० दशलक्ष डॉलरचा करार झाला, तो या हिशोबातून.

तक्त्यातले नियमांचे आकडे मात्र वेगळ्या पानावर आणि पेन्सिलीने लिहावेत. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या ज्या करारावर यांतले बरेचसे आकडे आधारलेले आहेत, त्याची मुदत १ डिसेंबर २०२६ रोजी संपते. मागचा करार संपला तेव्हा २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस मालकांनी टाळेबंदी केली होती. त्या काळात मोठ्या संघांचे करार आणि सौदे थांबले आणि लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रेसुद्धा काढून टाकली गेली होती.